लेझर दिसतो कशाला?



निर्वातात स्फोटाचा आवाज ऐकू येत नाही आणि लेझरची रेघ बाजूने दिसत नाही. प्रकाश विखुरायला तिथे ना धूळ, ना हवा. शाळकरी पोरांनाही हे ठाऊक असतं. तरी विज्ञानकल्पनेवर बेतलेल्या शूटर खेळांत लाल-निळ्या रेघांचा नुसता पाऊस पडतो आणि खेळणारे त्यावर फारशी कुरकुर करत नाहीत. ते चिडतात भलत्याच ठिकाणी. आजचं बोलणं त्या भलत्या ठिकाणांविषयी.

१९९७च्या ‘क्वेक २’मधली रेलगन घ्या. गोळी सुटली की तिच्यामागे निळी, पिळदार शेपटी तरंगत राहते. विद्युतचुंबकीय बळाने फेकलेला धातूचा तुकडा असलं नक्षीकाम करत बसणार नाही. पण मेलेल्याला आपण कुठून टिपलो गेलो ते त्या शेपटीमुळे कळतं, आणि टिपणाऱ्याला जागा बदलावी लागते. २००१च्या ‘हेलो’मध्ये स्नायपर रायफलीच्या गोळीमागे उरणारी पांढरी रेघही हेच काम करते. ती पुसली तर भौतिकशास्त्र सुखावेल, खेळ मात्र अन्यायाचा होईल. विज्ञानकथेतलं विज्ञान पक्कं हवं, हा जयंत नारळीकरांचा आग्रह मराठी वाचकाच्या अंगवळणी पडला आहे. तो खेळांना जसाच्या तसा लावता येत नाही, कारण कथा वाचणाऱ्यावर कुणी गोळ्या झाडत नसतं. अशा रोषणाईला प्रस्तुत वक्त्याचा बिनशर्त पाठिंबा आहे.

मग बिनसतं कुठे?

‘डूम ३’ २००४ साली आला तो सावल्यांचा तोरा मिरवत. प्रोग्रामर जॉन कारमॅक यांच्या इंजिनात दिवा हलला की सावलीही तत्क्षणी हलायची, आणि ही करामत दिसावी म्हणून मंगळावरचा अख्खा तळ काळोखात बुडवलेला. साल २१४५. अशा त्या तळावर सैनिकाने टॉर्च धरला की बंदूक खाली आणि बंदूक उचलली की टॉर्च बंद! मंगळावर वस्ती करणाऱ्यांना बंदुकीला बॅटरी बांधता येऊ नये? खेळाडूंनीच मग ‘डक्ट टेप’ नावाचा मॉड, म्हणजे खेळातला घरगुती फेरफार, काढला आणि चिकटपट्टीने टॉर्च बंदुकीला बांधून टाकला. २०१२च्या ‘बीएफजी एडिशन’मध्ये निर्मात्यांनीही दिवा चिलखतावर बसवला. त्याने भीती उणावली, हेही खरं. अंधार हवाच होता; उजेड दिसला की राक्षस धावून येतात, एवढी एक अट घातली असती तर खेळाडूने आपणहून टॉर्च विझवला असता.

‘मास इफेक्ट’ची कथा याहून बोधक आहे, आणि जरा विनोदीही. २००७च्या पहिल्या भागात बंदुकीला काडतुसं लागतच नव्हती. आत धातूचा ठोकळा. त्याचा कणभर कपचा निघायचा आणि प्रचंड वेगाने सुटायचा. गोळ्या संपण्याचा प्रश्न नाही, तापण्याचा आहे. फार झाडल्या की बंदूक तापून बंद पडायची आणि ती निवेपर्यंत आडोशाला बसायचं. शस्त्राचं विज्ञान, पडद्यावरची तापमानाची पट्टी आणि खेळाडूची घालमेल, तिन्हींचा धागा एकच. २०१०च्या दुसऱ्या भागात उष्णता शोषणाऱ्या ‘थर्मल क्लिप’ आल्या. त्या भरा, वापरा, फेका, जमिनीवरून नव्या उचला. म्हणजे काडतुसंच की! गेथ नावाच्या यंत्रमानवांची युक्ती पाहून सगळ्यांनी ही पद्धत उचलली, असा खुलासा खेळातल्या ज्ञानकोशात आहे. तोही चालला असता. पण पुढे एका मोहिमेत दहा वर्षांपूर्वी कोसळलेल्या जहाजाचे प्रवासी शोधायला जावं लागतं, आणि त्या जगापासून तुटलेल्या ग्रहावरही या क्लिपा पडलेल्या सापडतात. तेव्हा त्या निघाल्याही नव्हत्या! जहाजाचं नाव ‘ह्यूगो गर्न्सबॅक’. १९२६ साली केवळ विज्ञानकथांसाठी ‘अमेझिंग स्टोरीज’ हे मासिक काढणारा तोच हा संपादक. त्याच्याच नावाच्या जहाजाशेजारी ही चूक घडावी, याला काय म्हणावं?

उलट २००८चा ‘डेड स्पेस’ पाहा. पडद्याच्या कोपऱ्यात जीव दाखवणारी पट्टी नाही. नायक आयझॅक क्लार्कच्या पोशाखावर, पाठीच्या कण्यालगत निळसर दिव्यांची रांग आहे. जखमा वाढतात तशी ती घटते. उरलेल्या गोळ्यांचा आकडा बंदुकीवरच उमटतो. सामानाची यादी आयझॅकसमोर हवेत उलगडते, आणि ती चाळताना खेळ थांबत नाही, मागून कुणीही येऊ शकतं. निर्वातात पाऊल टाकलं की आवाज दबतात आणि पाठीवर उरलेल्या हवेचे सेकंद उलटे मोजले जातात. इथे रोषणाई कुठे संपते आणि जग कुठे सुरू होतं, ते वेगळं काढता येत नाही.

२००२च्या ‘मेट्रॉइड प्राइम’ने तर एका क्षणात बाजी मारली. जवळ मोठा स्फोट झाला की शिरस्त्राणाच्या काचेवर नायिका समस अरानचा स्वतःचा चेहरा उमटतो, विस्फारलेल्या डोळ्यांसकट. काचेवर पावसाचे थेंब ओघळतात, वाफेने ती धुरकटते. ज्या खेळांत नायकाने काच घातलेलीच नाही, त्यांत पडद्यावर थेंब कशाला लागतात? तिथे कॅमेरा कुणाचा?

रोषणाई आणि जग यांची सांगड घालण्याचा हा प्रश्न आता आपल्या अंगणातलाही आहे. पुण्याच्या सुपरगेमिंगने २०२४ साली ‘इंडस’ हा भविष्यवेधी भारतीय वळणाचा बॅटल रोयाल खेळ आणला. त्यात सगळ्या प्रतिस्पर्ध्यांना संपवणं हा जिंकायचा एकच मार्ग नाही. कॉस्मियम नावाचा मौल्यवान पदार्थ ताब्यात घेऊनही सामना जिंकता येतो. जगातली वस्तू थेट खेळाच्या नियमात उतरली, हे चांगलंच झालं. असं एखादं खनिज कसं चमकावं, ते उचलणाऱ्याच्या हातमोज्यावर त्याचे डाग पडावेत की नाही, ते जवळ असलेला माणूस लांबून ओळखू यावा का, हे ठरवणाऱ्या बैठकीत ॲनिमेटर आणि प्रोग्रामर बसलेले असतातच. आपल्या संमेलनात कथा वाचणाऱ्यांपैकीही कुणी तिथे पहिल्या दिवसापासून बसावं, आणि स्टुडिओंनीही ज्ञानकोशातले खुलासे लिहिण्यापुरतं त्याला शेवटच्या महिन्यात बोलावू नये, अशी या अध्यक्षपदावरून मागणी आहे.