पडद्यावरील प्रयोगशाळा

धाराशिव जिल्ह्यांतील लोहारा तालुक्यांत जुन्या घरांवर माळवद असे: लांकडी तुळयांवर मातीचा जाड थर आणि भोंवतीं दगडमातीच्या रुंद भिंती. उन्हाळ्यांत अशीं घरें थंड राहत. परंतु 30 सप्टेंबर 1993 रोजीं पहाटे चारच्या सुमारास झालेल्या भूकंपांत याच तालुक्यांतील सास्तूर आणि लातूर जिल्ह्यांतील किल्लारी हीं गांवें उद्ध्वस्त झालीं. एकंदर सुमारें 8,000 माणसें दगावलीं. त्यांतील बहुतेकांच्या अंगावर स्वतःच्याच घराच्या भिंती व माळवद कोसळलें होतें.

असें कां झालें, हें भावी अभियंत्यानें कोठें शिकावें? इमारतीची प्रतिकृति हलवून दाखविणारें यंत्र फार महाग असतें. लहान महाविद्यालयांस तें परवडत नाहीं. ही उणीव अंशतः भरून काढण्यासाठीं केंद्र सरकारनें 2009 मध्यें आरंभिलेल्या शैक्षणिक मोहिमेंतून ‘व्हर्च्युअल लॅब्ज’ ही योजना निघाली. मुंबई व दिल्ली येथील आय.आय.टी., पुण्याचें सी.ओ.ई.पी. इत्यादि संस्थांनीं तींत भाग घेतला. इंटरनेट असेल तेथें विद्यार्थ्यास संगणकाच्या पडद्यावर प्रयोग करतां येतो, आणि तो कितीहि वेळां.

समजा, दहा फूट लांब व तितक्याच रुंद खोलीवर एक फूट जाडीची माती आहे. तिचें वजन साधारण साडेचार टन भरेल. जमिनीचें त्वरण गुरुत्वाकर्षणाच्या एक पंचमांश झालें, तर सुमारें 900 किलो वजनाइतका आडवा रेटा केवळ या मातीमुळें भिंतींवर येईल. विद्यार्थ्यानें पडद्यावर थर दुप्पट केला कीं रेटाहि दुप्पट होतो. कागदावरील सूत्र असें डोळ्यांपुढें हलूं लागलें म्हणजे तें सहसा विसरत नाहीं.

येथें एक शंका सहज निघेल. संगणक उत्तर देतो तें त्यास शिकविलेल्या गणितापुरतेंच. पडद्यावरील भिंत बहुधा एकजीव मानलेली असते. मातींत रचलेली दगडी भिंत तशी नसते. आरपार जाणारे दगड तींत घातले नसतील, तर हादऱ्यानें तिचे आंतील व बाहेरील असे दोन पदर सुटे होतात. ही गोष्ट जुन्या भिंतीजवळ उभें राहून, दगड हाताळून आणि गवंड्यास विचारूनच कळते. खऱ्या उपकरणांत सुई अडकते, तार सैल होते, मापन चुकतें. तेंहि शिक्षणच होय.

म्हणून पडद्यावरील प्रयोग हा खऱ्या प्रयोगाची पूर्वतयारी समजावा. त्याऐवजीं तो ठेवूं नये. लोहाऱ्याच्या विद्यार्थ्यानें सकाळीं पडद्यावर घर हलवून पाहावें आणि संध्याकाळीं आपल्या गल्लींतील एखादी जुनी भिंत नीट न्याहाळावी. पडद्यावर पडलेलें घर एका क्षणांत पुन्हां उभें करतां येतें. गांवांतील घर मात्र तोच विद्यार्थी उद्यां बांधणार आहे आणि त्यांत माणसें निजणार आहेत.