पिंजारलेल्या केसांची निगा

(मुलुंड येथे मंडळाच्या वर्धापनदिनी केलेले भाषण)



वर्धापनदिनाच्या सभेत केसांवर भाषण, हे ऐकून काही जणींना हसू आले असेल. पण हा विषय मी निवडला नाही. तो आपणच निवडलात. कार्यवाहबाईंनी महिन्यापूर्वी चिठ्ठ्या मागवल्या, तेव्हा या ना त्या शब्दांत एकच तक्रार पुन्हा पुन्हा आली: केस सारखे पिंजारतात, काय करावे? एका चिठ्ठीतला मजकूर मात्र अधिक गंभीर होता. एका आईने लिहिले होते, ‘मुलगी लग्नाची आहे. जो येतो तो तिच्या केसांबद्दल बोलतो. आता ती काही हजार रुपये देऊन केस कायमचे सरळ करून घ्यायचे म्हणते. घेऊ द्यावेत काय?’ शाळेत शास्त्र हा विषय शिकवण्यात माझे आयुष्य गेले. म्हणून या प्रश्नाचे उत्तर मी जरा मुळापासून देणार आहे.

प्रथम एक गोष्ट स्पष्ट करते. कुरळे किंवा नागमोडी केस हा रोग नव्हे, आणि निष्काळजीपणाचे फळही नव्हे. केस ज्या मुळातून उगवतो त्या मुळाची घडण जशी, तसा केस निघतो. मूळ सरळ आणि केसाचा छेद गोल, तर केस सरळ पडतो. मूळ वाकडे आणि छेद लंबगोल, तर तो वळणे घेत वाढतो. ही घडण बहुतांशी आईबापांकडून येते. पुष्कळ मुलींचे केस लहानपणी सरळ असतात आणि बाराव्या-तेराव्या वर्षी वळू लागतात. मग घरात शाम्पूला, पाण्याला, नाहीतर मुलीलाच बोल लावला जातो. वयात येताना शरीरात जे बदल होतात, त्यांतलाच हा एक असतो.

आता केस पिंजारतात कशाने? केस चांगल्या भिंगाखाली पाहिला, तर त्यावर कौलारू छपरासारखे एकावर एक बसलेले बारीक खवले दिसतात. ते चपटे बसले असले, की केस तुळतुळीत लागतो. ते उचकटले, की आतली ओल निघून जाते, हवेतली ओल वाटेल तशी आत शिरते, केस फुगतो आणि शेजारच्या केसात अडकतो. त्यात आणखी एक अडचण अशी, की टाळूतून सुटणारे तेल सरळ केसावरून सहज खाली उतरते, पण वळणाच्या केसावर ते वाटेतच अडते. म्हणून कुरळ्या केसांची मुळे तेलकट आणि टोके कोरडी, अशी अवस्था होते.

केस हवेतील ओल ओढतो हे शास्त्रज्ञांना फार पूर्वीपासून ठाऊक आहे. जिनीव्हाच्या ओरास-बेनेदिक्त द सोस्यूर या शास्त्रज्ञाने 1783 साली प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात माणसाच्या केसावर चालणारे आर्द्रतामापक यंत्र वर्णिले आहे. हवा दमट झाली की केस लांबतो, कोरडी झाली की आखडतो, आणि त्याला जोडलेला काटा फिरतो. असली यंत्रे पुढे देशोदेशींच्या वेधशाळांनी वापरली. मग मुंबईकर बायकांची काय कथा! सांताक्रूझच्या वेधशाळेत जुलै-ऑगस्टमध्ये सकाळची आर्द्रता 85 टक्क्यांच्या आसपास असते. आपल्या मुलुंडला तर एका अंगाला डोंगर आणि दुसऱ्या अंगाला खाडी. घरून चापूनचोपून भांग पाडून निघालेली मुलगी बायकांच्या डब्याच्या दारातला वारा खात दादरला उतरली, की तिचे केस पिंजारणारच. तो तिचा गबाळेपणा नव्हे. तिचे केस वेधशाळेचे काम चोख बजावीत असतात, इतकेच.

पाण्याबद्दलही थोडे सांगते. ‘मुंबईचे पाणी केसांना मानवत नाही’ असे आपण सर्रास म्हणतो. महापालिकेचे पाणी येते ते तानसा, वैतरणा, भातसा, विहार, तुळशी या तलावांतून. म्हणजे ते मुख्यतः पावसाचे साठवलेले, हलके पाणी आहे. जड असते ते बहुधा बोअरवेलचे किंवा टँकरचे. साबणाला फेस येत नसेल, नळाच्या तोंडाशी पांढरी खपली धरत असेल, तर पाणी जड समजावे. अशा घरात न्हाण्याच्या दिवशी निदान शेवटचे दोन-तीन तांबे तरी पालिकेच्या पाण्याचे घ्यावेत.

बाकी दोष बराचसा आपल्या पद्धतीत असतो. सरळ केसांची निगा जशी करतात तशीच आपण कुरळ्या केसांची करतो, आणि मग केस ऐकत नाहीत म्हणून त्यांच्यावर रागावतो. तेव्हा न्हाण्याचा क्रम कसा असावा तो आता सांगते.

न्हाण्यापूर्वी तेल लावावे. खोबरेल तेलाची आपली जुनी रीत येथे उपयोगी पडते, आणि तिला आपल्याच शहरातल्या संशोधनाचा आधार आहे. मॅरिको कंपनीच्या मुंबईतील संशोधन विभागात रेले व मोहिले यांनी खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची केसांवर तुलना केली. तो निबंध 2003 साली प्रसिद्ध झाला. धुताना व विंचरताना केसांतील प्रथिनांची जी झीज होते, ती तिघांपैकी खोबरेलानेच कमी झाली असे त्यांना आढळले. खोबरेलातील लॉरिक आम्लाचे रेणू लहान व सरळ असल्याने ते केसाच्या आत शिरतात, असे त्याचे कारण त्यांनी दिले. ही कंपनी स्वतः खोबरेल विकते, हे ध्यानात ठेवूनच निष्कर्ष वाचावा. पण त्यातले शास्त्र पटण्याजोगे आहे. मात्र तेल बेताने घ्यावे. दोन चमचे तेल केसांच्या मधल्या भागाला व टोकांना चोळून तासभर ठेवले तरी पुरते. तेल थापले, की ते काढायला शाम्पू दुप्पट लागतो, आणि लावलेल्याचा उपयोग राहत नाही.

आठवड्यातून एकदा-दोनदा न्हावे. रोज लोकलने जाणारीला घाम येतो, तिने तीनदा न्हायले तरी चालेल. अंगाचा साबण केसांना कधीही लावू नये. साबण अल्कधर्मी असतो, त्याने खवले उचकटतात. आणि जड पाण्यात त्याचा चिकट साका केसांवर बसतो. शिकेकाई मुळात सौम्य आणि किंचित आंबट, म्हणून ती केसांना मानवते. पण कोरडी भुकटी केसांत तशीच चोळली, तर ती घासते आणि अडकून बसते. ती रात्री भिजत घालून, सकाळी उकळून, गाळून त्या पाण्याने न्हावे. रिठा मात्र जपून. तो तेल फार ओढतो आणि डोळ्यांत गेला तर झोंबतो. शाम्पू घेणार असाल तर सौम्य घ्यावा, पाण्यात कालवावा आणि टाळूलाच लावावा. टोकांना वाहत्या फेसाचे पाणी पुरे होते.

यानंतर कंडिशनर. ही चैन आहे असे पुष्कळ जणी समजतात. सरळ केसांना तो नसला तरी चालतो, पण कुरळ्यांना शाम्पूपेक्षा त्याचीच गरज अधिक. त्यातील द्रव्ये झिजलेल्या केसाला चिकटून खवले चपटे बसवतात. तो टाळूला न लावता कानांच्या खालच्या केसांना भरपूर लावावा आणि तेव्हाच, ओल्या केसांत, रुंद दातांच्या फणीने टोकांकडून वर असा गुंता सोडवावा. ‘ओले केस विंचरू नयेत’ असे आपल्या आज्या सांगत, ते सरळ केसांच्या बाबतीत रास्तच होते. ओला केस ताणला की लवकर तुटतो. पण कुरळा केस कोरडा विंचरला तर अडकून तुटतो आणि कापसासारखा पिंजून निघतो. कंडिशनरमुळे फणी घसरते, ताण पडत नाही. त्यानंतर केस धुऊन टाकावेत, आणि पुढच्या न्हाण्यापर्यंत कोरड्या केसांत फणी घालू नये. भांग पाडायला बोटे पुरतात.

टॉवेलने केस खसाखसा पुसणे ही आपली सर्वांत वाईट सवय आहे. जुना पंचा किंवा मऊ सुती बनियन घ्यावे आणि त्यात केस खालून वर ओंजळीत धरून नुसते दाबावेत. केस ओलसर असतानाच सुपारीएवढे जेल किंवा केसांत राहू द्यायचे क्रीम तळहातांवर पसरून बटांना चोपडावे. मग पंख्याखाली केस वाळू द्यावेत आणि वाळेपर्यंत हात लावू नये. याला कारण आहे. केसाच्या आतले काही बंध पाण्याने सुटतात आणि वाळताना पुन्हा जुळतात. केस ज्या वळणात वाळेल त्याच वळणात राहतो. इस्त्री करून सरळ केलेले केस पावसाळी हवेत तासाभरात पुन्हा का वळतात, तेही यावरून कळेल. वाळल्यावर जेलने केस ताठ वाटले, तर मुठीत हलके चुरगाळावेत, मऊ होतात.

रात्री केस डोक्यावर सैल बांधावेत आणि उशीला जुन्या रेशमी पातळाचा तुकडा गुंडाळावा. कापूस ओल शोषतो व घासतो. रेशमावर केस घसरतात. जुन्या रेशमाचा याहून चांगला उपयोग मला ठाऊक नाही.

आता चिठ्ठ्यांतील काही प्रश्न घेते.

‘बाजारचे जेल परवडत नाही, काय करावे?’ आपल्याकडे जवसाची चटणी करतात, तेच जवस घ्यावे. पाव वाटी जवस दोन वाट्या पाण्यात ढवळत उकळावे. अंड्याच्या पांढऱ्यासारखा बुळबुळीत रस सुटला, की गरम असतानाच मलमलीतून गाळावा. गार झाल्यावर तो गाळता येत नाही. शीतकपाटात आठवडाभर टिकतो. वास आला की फेकून द्यावा.

‘हिवाळ्यात चालणारे क्रीम पावसाळ्यात चालत नाही, असे का?’ त्यात ग्लिसरीन अधिक असेल. ग्लिसरीन हवेतील ओल ओढते, आणि आपल्या पावसाळ्यात ओढायला ओल काही कमी नसते. त्या चार महिन्यांत जेलच बरे.

‘शाळेत मुलीला दोन घट्ट वेण्या सक्तीच्या आहेत.’ वेणी चांगलीच. केस घासत नाहीत. पण ओले केस घट्ट बांधू नयेत, आणि कपाळाशी केस ओढले जातील इतकी वेणी आवळू नये. रोजच्या ताणाने तेथले केस विरळ होतात.

‘केस एकाएकी राठ झाले आणि गळू लागले.’ याला तेल किंवा शाम्पू हे उत्तर नव्हे. डॉक्टरांना दाखवून रक्तातील लोह व थायरॉईड तपासून घ्यावे. बाळंतपणानंतर तीन-चार महिन्यांनी केस गळतात, ते बहुधा आपोआप थांबते.

आता त्या आईची चिठ्ठी. केस सरळ करण्याच्या अनेक पद्धती आहेत. रिबॉण्डिंगमध्ये केसाच्या आतले भक्कम बंध रसायनाने तोडून ते सरळ आकारात पुन्हा जुळवतात. त्यात केस दुबळा होतो. ‘केराटिन’ नावाने चालणाऱ्या उपचारांत केसाला प्रथिन मिळते असे वाटते. पण केस सरळ राहतो तो बहुधा सोबतच्या रसायनाने आणि कडक इस्त्रीने. कित्येक मिश्रणांतून तापवल्यावर फॉर्माल्डिहाइड वायू सुटतो. जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने 2004 साली तो माणसाला कर्करोग करणारा म्हणून जाहीर केला. पुढे त्याऐवजी ग्लायऑक्झिलिक ॲसिड आले. 2024 साली फ्रान्समधील डॉक्टरांनी 26 वर्षांच्या एका स्त्रीची हकीकत ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये दिली. 2020, 2021 आणि 2022 अशा तीन वर्षी तिने केस सरळ करून घेतले, आणि तिन्ही वेळा तिच्या मूत्रपिंडाला इजा झाली. त्या क्रीममध्ये हेच ॲसिड होते. प्रत्येकीला असे होते असे मी म्हणत नाही. पण ‘केसाने गळा कापणे’ हा वाक्प्रचार आठवल्यावाचून राहत नाही खरा.

शिवाय केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो, आणि नवा केस पूर्वीसारखाच वळणाचा येतो. सहा महिन्यांत मुळाशी वळणे व खाली सरळ, अशी दुरंगी अवस्था होते, आणि पुन्हा पैसे मोजावे लागतात.

मुलगी सज्ञान आहे, निर्णय तिचाच. तिला रागे भरू नये, पण हे सारे तिला सांगावे आणि आधी तीन महिने वरचा क्रम पाळून पाहायला सुचवावे. तरीही करायचेच ठरले, तर बाटलीवरचे घटक आधी वाचावेत. फॉर्माल्डिहाइड, फॉर्मलिन, मिथिलीन ग्लायकॉल किंवा ग्लायऑक्झिलिक ॲसिड यांपैकी एकही नाव दिसले, तर उठून यावे. डोळे चुरचुरू लागले तरी उठून यावे. गरोदर, अंगावर पाजणाऱ्या आणि मूत्रपिंडाचा विकार असलेल्या स्त्रियांनी त्या वाटेला जाऊच नये. आणि स्थळाबद्दल विचाराल, तर ज्या घराला सुनेच्या केसांची वळणे सोसत नाहीत, त्या घराला तिच्या स्वभावाची वळणे कितपत सोसतील, याचा विचार आईने करावा.

भगिनींनो, बाईच्या केसांवर दुसऱ्यांनीच हक्क सांगायचा, ही रीत आपल्याकडे जुनी आहे. विधवेने केस ठेवायचे की नाही हे एके काळी समाज ठरवी. 1890 साली याच मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने नाभिक बांधवांनी सभा भरवली आणि विधवांचे केशवपन आपण करणार नाही असे ठरवले. त्या मानाने आपल्यापुढचे काम सोपे आहे. घरातल्या मुलीला ‘झिपरी’, ‘झिंज्या आवर’ असे म्हणणे आपण सोडायचे, एवढेच. त्या शब्दांनी केस सरळ होत नाहीत; मुलगी मात्र आरशासमोर उभी राहायला बिचकू लागते. त्याऐवजी रविवारी सकाळी तिला पुढ्यात बसवावी, रुंद फणी घ्यावी आणि टोकांकडून सावकाश गुंता सोडवावा.

 जवसाचा रस एका बरणीत करून आणला आहे. चहाच्या टेबलाशी ठेवते. ज्यांना हवा त्यांनी वाटी घेऊन यावे.