मागचे केस पुढे



पुरुषांना टक्कल पडतं, तरी डोक्यामागचे केस बहुधा टिकतात.
संप्रेरकांचा त्रास त्यांना फारसा होत नाही.

केशरोपणात हेच केस मुळासकट काढून पुढे लावतात.
नवे केस तयार होत नाहीत…
आहेत तेच जागा बदलतात.

कुणी डॉक्टर कातडीची पट्टी काढतात. तिची रेघ मागे राहते.
कुणी एकेक मूळ सुटं काढतात. बारीक ठिपके राहतात.

लावलेले केस काही आठवड्यांत गळतात.
घाबरू नका! मूळ आत शाबूत असतं.
तीन-चार महिन्यांनी केस पुन्हा उगवू लागतात.
पूर्ण परिणामाला मात्र वर्ष लागतं.

पुन्हा सांगते, नवे केस तयार होत नाहीत.
मागचा साठा मर्यादित.
म्हणून विशीतल्या मुलांनो, घाई नको.

आधी त्वचारोगतज्ज्ञांना भेटा.
केस गळण्याचं कारण थायरॉइड किंवा रक्तक्षय निघालं,
तर उपचार त्याचाच करायचा.