सुट्या भागांचा नकाशा

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, कवी माणसाचं यंत्राशी काय देणंघेणं? आहे. कविता पाठ असली की ती कुणालाही देता येते आणि दिल्यानं आपल्याजवळची कमी होत नाही. यंत्राचं तसं नसतं, असं आपण धरून चालतो. यंत्र विकत आणायचं आणि बिघडलं की मेकॅनिकला बोलवायचं. पण यंत्रसुद्धा कवितेसारखं वाटता येतं. अट एकच. त्याच्या एकेका भागाचं चित्र कुणीतरी नीट काढून ठेवलेलं हवं.

आपल्याकडच्या कारागिरीत हे चित्र कागदावर फारसं उतरलं नाही. उस्तादाच्या हाताखाली शागीर्द राबायचा, बघून बघून शिकायचा. त्यात जिव्हाळा होता. पण लायक शागीर्द मिळायच्या आत उस्ताद गेला, तर हुनरही त्याच्याबरोबर मातीत जायचं.

याच्या उलट एक उदाहरण सांगतो. आजच्या तुर्कस्तानातल्या दियारबकीर इथे, अर्तुकी राजांच्या दरबारात अल-जझरी नावाचा यंत्रकार होता. त्यानं १२०६ मध्ये एक ग्रंथ पुरा केला. त्यात पन्नास यंत्रं आहेत. पाण्याची घड्याळं आहेत, कारंजी आहेत, पाणी उपसायचे पंप आहेत. त्यानं यंत्राचं चित्र काढलं, भागांना अक्षरं दिली आणि मजकुरात त्याच अक्षरांनी सांगितलं की हा भाग कशाचा, केवढा, कुठे जोडायचा. चित्रं प्रमाणात नाहीत, पण बोलकी आहेत. डोनाल्ड हिल यांनी १९७४ मध्ये या ग्रंथाचा इंग्रजी अनुवाद केला आणि १९७६ मध्ये लंडनच्या सायन्स म्युझियममध्ये त्यातलं भव्य जलघड्याळ पुन्हा उभं राहिलं. म्हणजे ७७० वर्षांनी! घडवणारे हात केव्हाच गेले होते. राहिला होता तो कागद.

आज ज्याला ‘ओपन सोर्स हार्डवेअर’ म्हणतात, म्हणजे ज्याचा आराखडा सर्वांना खुला आहे असं यंत्र, त्याचा प्राण हाच कागद आहे. आपल्या ओळखीची कडबाकुट्टी घ्या. तिचे फोटो काढून लोकांना दिले, म्हणजे ती खुली झाली का? नाही. आधी पूर्ण यंत्राचं चित्र हवं. मग दुसरं, ज्यात प्रत्येक भाग आपल्या जागेवरून सरळ रेषेत बाहेर सरकलेला दिसतो. चाक, पाती, रोलर, दातेरी चाकं, बोल्ट, वायसर सगळं सुटं, पण कोण कुणाच्या मागे बसतं ते कळेल असं. प्रत्येकाला क्रमांक हवा आणि शेजारी यादी हवी. नग किती, धातू कोणता, बाजारात मिळतो की घडवावा लागतो, हे त्या यादीत यावं. शेवटी जे भाग घडवायचे त्यांची समोरून, वरून आणि बाजूनं काढलेली मापांची चित्रं.

यातही मेख असते. स्केटिंगच्या चाकात ‘६०८’ नावाचं छोटं बेअरिंग असतं. त्याचा बाहेरचा व्यास २२ मिलिमीटर, आतला ८. चित्रात भोक नुसतं २२ चं दाखवून भागत नाही. बेअरिंग घट्ट ठोकून बसवायचं की सहज सरकवायचं, त्यासाठी किती सूट ठेवायची, हेही लिहावं लागतं. ते राहिलं, तर दूरच्या गावातला माणूस भाग घडवतो आणि तो बसतच नाही.

हेच बेअरिंग मी उगाच घेतलं नाही. इंग्लंडमधल्या बाथ विद्यापीठात एड्रियन बोयर यांनी २००५ मध्ये ‘रेपरॅप’ हा प्रकल्प सुरू केला. वितळलेल्या प्लास्टिकच्या धाग्यानं वस्तू घडवणारं यंत्र, आणि ते स्वतःचे प्लास्टिकचे भागही घडवणार! बाकीचे भाग त्यांनी बाजारात सहज मिळणारे घेतले. आट्याच्या सळ्या, साध्या मोटारी, आणि पुढच्या आवृत्तीत हे स्केटिंगचं बेअरिंग. सगळे आराखडे त्यांनी खुले ठेवले. २००८ मध्ये पहिल्या यंत्रानं आपल्या पिल्लाचे भाग घडवून दाखवले. नंतर अनोळखी लोकांनी त्यात सुधारणा केल्या. २०१० मध्ये योसेफ प्रुशा या चेक तरुणानं त्याची बांधणी बरीच सोपी केली. हे शक्य झालं, कारण त्यांच्या हाती बदलता येणारा मूळ आराखडा होता. खुल्या यंत्राच्या व्याख्येतच ही अट आहे. नुसतं पाहण्यापुरतं चित्र देणं म्हणजे पाहुण्याला स्वयंपाकघर खिडकीतून दाखवणं.

हे सारं परदेशातच घडतं असं नाही. पुणे जिल्ह्यातल्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. जुन्या जीपचे भाग वापरून तिथे ‘मेकबुल’ नावाचा छोटा ट्रॅक्टर तयार झाला. २००२ मध्ये अमेरिकेतल्या एमआयटीच्या सहकार्यानं तिथे फॅबलॅब उभी राहिली. एमआयटीबाहेरच्या अगदी सुरुवातीच्या फॅबलॅबपैकी ती एक.

कुणी विचारेल, सगळंच उघड केलं तर घडवणाऱ्यानं खायचं काय? रास्त प्रश्न आहे. इटलीत २००५ मध्ये जन्मलेल्या ‘आर्दुइनो’ या छोट्या सर्किट बोर्डाचे आराखडे खुले आहेत, तरी त्यांचे बोर्ड जगभर विकले जातात. नाव मात्र त्यांनी राखून ठेवलं आहे. लोक पैसे मोजतात ते विश्वासाला, तयार मालाला आणि सेवेला. खुलेपणानं प्रत्येकाचा धंदा चालेलच असं मी म्हणणार नाही. पण बंद यंत्राची किंमत कोण मोजतं, तेही पाहा. ऐन हंगामात एका दातेरी चाकापायी शेतकऱ्याचं यंत्र आठवडाभर उभं राहतं. त्या चाकाचं मापासकट चित्र गावातल्या लेथवाल्याकडे असेल, तर दुसऱ्या दिवशी काम सुरू होऊ शकतं.

म्हणून आयटीआयमधल्या मुलामुलींना आणि त्यांच्या गुरुजनांना माझी एक विनंती आहे. आपल्या तालुक्यातल्या एखाद्या जुन्या मिस्त्रीनं स्वतःच्या डोक्यानं केलेलं एक यंत्र निवडा. त्यांच्या परवानगीनं ते खोला, मोजा, त्याच्या भागांचा नकाशा काढा. खाली त्या मिस्त्रींचं नाव ठळक लिहा आणि मग तो कागद सर्वांसाठी खुला करा. उस्तादाचा हात थांबला तरी त्याचं हुनर चालू राहील.