पांढरं जाणं आणि श्वेतप्रदर



साहित्याच्या व्यासपीठावर स्त्रीरोगशास्त्रातल्या शोधनिबंधांचा विषय निघाला, म्हणून काही जणांना संकोच वाटत असेल. मला बोलायचे आहे ते त्या संकोचाविषयीच.

वैद्यकात सर्वांत प्रभावी निबंधांच्या याद्या करतात. मोजमाप सरळ असते : पुढच्या किती निबंधांनी याचा हवाला दिला? (मराठी समीक्षेत हे माप लावले तर काय उरेल, ते मनातच ठेवू.) पण या मापात न मावणारा प्रभावही असतो. गोव्यात जन्मलेले डॉ. विठ्ठल नागेश शिरोडकर यांनी वारंवार होणाऱ्या गर्भपातावरची आपली शस्त्रक्रिया 1955 मध्ये मद्रासच्या ‘ॲन्टिसेप्टिक’ या मासिकात मांडली. बाईच्या स्वतःच्या मांडीतल्या चिवट पडद्याची पट्टी काढून ते गर्भाशयाचे तोंड आवळून घेत. आज जगभर ती शस्त्रक्रिया त्यांच्या नावाने ओळखली जाते. आपल्या माळव्यातल्या मराठी घरांत मात्र शिरोडकरांचे नाव कुणी घेत नाही. तिथे म्हणतात, “तिच्या पिशवीला टाका घातलाय.” निबंध न वाचताच भाषेने तो पचवला.

आता दुसरा निबंध. डॉ. राणी बंग, डॉ. अभय बंग आणि त्यांचे सहकारी यांचा हा लेख जानेवारी 1989 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आला. गडचिरोलीतल्या दोन गावांतल्या 650 स्त्रियांची मुलाखत, शारीरिक तपासणी आणि प्रयोगशाळेतली तपासणी त्यांनी केली. दवाखान्यात आलेल्या बायका मोजायच्या, ही नेहमीची रीत सोडून ते गावात गेले, हे मला फार महत्त्वाचे वाटते. 92 टक्के स्त्रियांमध्ये एक ना एक स्त्रीरोग किंवा लैंगिक आजार आढळला. सरासरी दर स्त्रीमागे 3.6 आजार. यापूर्वी अशी तपासणी आणि उपचार झालेल्या स्त्रिया होत्या फक्त 8 टक्के.

याच निबंधातला आणखी एक आकडा आपल्या कामाचा आहे. तक्रार सांगणाऱ्या स्त्रिया 55 टक्के होत्या. म्हणजे शंभरातल्या निदान 37 जणींना आजार होता, पण तक्रार नव्हती. काही आजार मुके असतात, हे खरेच. पण ‘बाईच्या जातीला हे असायचंच’ असे जिथे लहानपणापासून ऐकू येते, तिथे दुखणे हे दुखणे म्हणून ओळखूच येत नाही.

मराठीकडे पाहा. गरोदर, गर्भार, पोटुशी, दोन जिवांची, दिवस गेलेत. मग डोहाळे, ओटीभरण, बाळंतविडा. शब्दांची नुसती रेलचेल! पाळीसाठी कावळा शिवला, बाहेरची झाली, दूर बसली. म्हणजे बाई स्पर्शाला चालते की नाही, एवढेच सांगणारे शब्द. आणि आजारासाठी? ‘अंगावर जातं’, ‘कंबर धरते’, आणि मग आवाज खाली. वैद्यकाचीही तऱ्हा वेगळी नव्हती. खेड्यातल्या बाईकडे त्याचे लक्ष जाई ते बाळंतपण आणि कुटुंबनियोजन यांपुरते. या निबंधाने बोट ठेवले ते नेमके भाषेने आणि शास्त्राने मिळून सोडलेल्या जागेवर. 1994 च्या कैरो परिषदेनंतर ‘प्रजनन आरोग्य’ हा विचार सरकारी धोरणांत आला. त्या काळातल्या चर्चेत गडचिरोलीच्या या आकड्यांचा हवाला पुन्हापुन्हा दिला गेला.

निबंध इंग्रजीत छापला गेला, पण त्यातली माहिती बायकांच्या तोंडून आली होती. राणीताईंनी पुढे बायकांचे हे बोलणे मराठीत ‘कानोसा’ या पुस्तकात आणले. साहित्याच्या विद्यार्थ्यांनी ते ललित म्हणून नव्हे, कोश म्हणून वाचावे, असा माझा आग्रह असतो.

कारण आपली अडचण गडचिरोलीहून वेगळी आहे. पाठ्यपुस्तक म्हणते ‘श्वेतप्रदर’. आजी म्हणते ‘धुपणी’ किंवा ‘पांढरं जातं’. देवासच्या दवाखान्यात डॉक्टरीणबाई विचारतात, “सफेद पानी जाता है?” आणि सून मान हलवते. तिन्ही शब्द एकाच गोष्टीचे आहेत, हे तिला माहीत असतेच असे नाही. आजीचा शब्द तिला कुणी दिलेला नाही, पुस्तकातला परका आहे आणि हिंदी शब्द लाजेने अर्धाच ऐकलेला असतो. मालवी बोलणाऱ्या शेजारणीकडे याला आणखी निराळा शब्द असेल.

बोलीचे शब्द गोळा करताना आपण शेतीची अवजारे, दागिने, पदार्थ यांच्या याद्या करतो. त्या करायलाच हव्यात. धार-देवासच्या जुन्या मराठी घरांतल्या सत्तरी ओलांडलेल्या बायकांकडून हे शब्दही उतरवून घ्यावेत, असा प्रस्ताव मी अकादमीपुढे ठेवते. काम विद्यार्थिनींनी करावे, नावे कुठेही नोंदवू नयेत, आणि शब्दाशेजारी तो कुणापुढे उच्चारता येतो हेही लिहावे : जावेपुढे, सासूपुढे, नवऱ्यापुढे, डॉक्टरपुढे. हा शेवटचा रकाना भरताना वेळ लागेल.