संगणकाच्या खोलीची किल्ली

ग्रंथालयाचें दार बंद असलें, तर कपाटांतील ग्रंथ कितीही मौल्यवान असोत, विद्यार्थ्याच्या लेखीं ते नसल्यासारखेच होत. महाविद्यालयांतील संगणकांविषयींही हेंच म्हणावें लागतें. संस्थेच्या अहवालांत यंत्रांची संख्या येते. परंतु तीं यंत्रें विद्यार्थ्याच्या हातीं किती वेळ असतात, हें सहसा कोणी विचारीत नाहीं.

हा प्रश्न आजचा नव्हे. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेंत १९६४ सालीं सी. डी. सी. ३६०० हा अजस्र संगणक आला. त्या काळीं संगणक वापरणें म्हणजे भोंकें पाडलेल्या पत्त्यांची चळत खिडकीशीं द्यावयाची आणि उत्तराची वाट पाहत बसावयाचें. एखादें चिन्ह चुकलें, कीं पुन्हां आरंभापासून रांग! त्याच वर्षीं, १ मे रोजीं पहाटे, अमेरिकेंतील डार्टमथ महाविद्यालयांत जॉन केमेनी व थॉमस कुर्ट्झ या दोघां गणिताच्या प्राध्यापकांनीं निराळा मार्ग दाखविला. एकच यंत्र अनेक टंकयंत्रांना जोडून, प्रत्येकास क्षणाक्षणाची पाळी देण्याची ती योजना होती. त्यामागील तत्त्व त्या युक्तीहूनही थोर होतें. ग्रंथालयांतील उघड्या फळीवरून पुस्तक घ्यावें, तसा कोणत्याही शाखेच्या विद्यार्थ्यास संगणक मिळावा, असें त्यांनीं ठरविलें.

आतां जालन्याकडे वळूं. ‘जालना सोने का पालना’ ही म्हण व्यापाऱ्यांच्या पेठेनें रूढ केली. १ मे १९८१ रोजीं हा स्वतंत्र जिल्हा झाला. आज त्याचे तालुके ८ आहेत. १९५८ सालीं स्थापन झालेल्या मराठवाडा विद्यापीठाच्या, म्हणजे आजच्या डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या, क्षेत्रांत तो येतो. मुंबईच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेचें मराठवाडा संकुलही २०१८ सालीं जालन्यास सुरू झालें. विद्या दारीं आली, यांत संशय नाहीं. परंतु दारापासून मेजापर्यंतचें अंतर अजून उरलेंच आहे.

मंठा किंवा जाफराबाद तालुक्यांतील एखाद्या खेड्यांतून येणारी विद्यार्थिनी डोळ्यांपुढें आणावी. दुपारपर्यंत तासिका. प्रयोगशाळा मोकळी होते, तोंच गांवाकडील एस. टी. ची वेळ होते. घरीं संगणक नाहीं. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या २०१७-१८ च्या आंकड्यांप्रमाणें देशांतील ग्रामीण कुटुंबांपैकीं अवघ्या ४.४ टक्के घरांत संगणक होता. शहरांत हेंच प्रमाण २३.४ टक्के होतें. शिष्यवृत्तीचा अर्ज ती मोबाइलवर कसाबसा भरील. पण प्रयोगाच्या निरीक्षणांचें कोष्टक मांडणें, प्रबंध लिहिणें किंवा आज्ञावली रचून तींतील चुका शोधणें, हें तळहाताएवढ्या पडद्यावर कसें साधावें? परीक्षेंत तिला कमी गुण पडले, तर दोष बुद्धीचा कीं वेळापत्रकाचा?

वसतिगृहांतील मुलींचा प्रश्न आणखी नाजूक असतो. केरळांतील एका महाविद्यालयाच्या मुलींच्या वसतिगृहांत सायंकाळीं ६ ते १० या वेळांत मोबाइल वापरण्यास मनाई होती. तो नियम न मानणाऱ्या विद्यार्थिनीस वसतिगृह सोडावें लागलें. १९ सप्टेंबर २०१९ रोजीं केरळ उच्च न्यायालयानें तिला पुन्हां प्रवेश देण्याचा आदेश दिला, आणि इंटरनेटची उपलब्धता ही शिक्षणाच्या हक्काचा भाग मानली. शिस्त हवीच, मात्र शिस्तीच्या नांवाखालीं ज्ञानाची वाट अडूं नये, हाच या निकालाचा बोध होय.

चालकांची अडचणही खोटी नाहीं. यंत्रें बिघडतात, वीज जाते, देखरेखीस माणूस नसतो. कोणी खेळ खेळण्यांत वेळ घालवितो. परंतु पुस्तकेंही फाटतात, म्हणून कोणी वाचनालयास कायमचें कुलूप घालीत नाहीं. उपाय फारसे खर्चाचेही नाहींत. ‘कमवा व शिका’ योजनेंतील विद्यार्थ्यांकडे संध्याकाळची व सुटीच्या दिवसाची देखरेख सोंपवावी. ज्यांच्या घरीं संगणक नाहीं, त्यांच्यासाठीं कांहीं जागा राखून ठेवाव्यात. एस. टी. नें येणाऱ्या मुलामुलींना मधल्या सुटींत आधीं पाळी द्यावी. कला शाखेच्या विद्यार्थ्यास ‘तुझा येथें काय संबंध?’ असें विचारूं नये. आणि बंद पडलेल्या यंत्राची नोंद दारावरच लावावी, म्हणजे दुरुस्तीची आठवण सर्वांनाच राहील.

जालन्याचें सोनें पूर्वीं पेढीवर तोललें जाई. आज तें खेड्यापाड्यांतून येणाऱ्या तरुण बुद्धींत आहे. तिला उजळण्यासाठीं लागणारें यंत्र बहुधा खोलींत आहेच. किल्ली मात्र योग्य वेळीं, योग्य हातीं पडली पाहिजे.