दुखणे, गोळी आणि श्वास



आम्ही डॉक्टर नव्हे. आमचे शिक्षण झाले ते युनियनच्या कचेरीत आणि सार्वजनिक वाचनालयात. तरीही हा विषय घेतला, याला कारण आमचा एक हमाल सोबती. पाठ दुखे म्हणून तो ट्रॅमाडॉलची गोळी घेई. दुखणे शमे, पोती उचलली जात. पुढे एकीच्या तीन झाल्या. एका रात्री वर दारू घेतली. सकाळी तो उठला नाही.

मुंबईच्या गिरणगावात एके काळी कामावर जाणाऱ्या आया तान्ह्या मुलांना अफूची गोळी देत. मूल निजे, पाळी भरे. गोळीचे नाव बदलले, एवढेच!

अफूच्या चिकात मॉर्फीन आणि कोडीन ही दोन्ही असतात. पोटात घेतलेल्या कोडीनचा जोर मॉर्फीनच्या सुमारे एक दशांश. परंतु यकृतात त्याचेच मॉर्फीन बनते, आणि काहींच्या शरीरात फार झपाट्याने. म्हणून या ‘सौम्य’ औषधानेही मुले दगावली आहेत. ट्रॅमाडॉल कारखान्यात बनते. मात्रा वाढली की झटकेही येतात. हेरॉइन १८९८ साली बाजारात आले, ते खोकल्याचे औषध म्हणून! फेंटॅनिल मॉर्फीनच्या सुमारे १०० पट जोरदार. तिथे मोजमापातली लहानशी चूकही जीव घेते. बुप्रेनॉर्फिनने श्वास मंदावतो, पण एका मर्यादेपुढे फारसा नाही. म्हणून व्यसन सोडविण्यास ते उपयोगी. मात्र दारूबरोबर तेही घातक.

जोर निराळा, पण घाव एकाच ठिकाणी : श्वासावर. घरघर लागली, ओठ निळे पडले, हाकेला ओ येईना, तर ‘झोपलाय, झोपू द्या’ म्हणू नका. १०८ ला कळवा. नॅलोक्झोन हा उतारा आहे, पण तो वेळेवर मिळाला तर.

मग ही औषधे बंदच करावीत काय? मुळीच नाही. १९८५ च्या कायद्यानंतर मॉर्फीन इतके दुर्मिळ झाले, की कर्करोगाचे रोगी तळमळत राहिले. २०१४ साली तो कायदा सुधारावा लागला. २०१८ साली ट्रॅमाडॉलवरही त्याच कायद्याचे नियंत्रण आले. ते योग्यच झाले. पण कायद्याने पोते हलके होत नाही.

मरणाच्या वेदनेत असलेल्याला मॉर्फीन मिळालेच पाहिजे. आमच्या हमालाला मात्र गोळी नको होती. त्याला चार दिवसांची भरपगारी रजा हवी होती. ती आम्ही वेळेवर मिळवून दिली नाही, ही खंत आम्हाला आहे.